सुभेदारांची घाई

मला नोकरीवर घेताना सुभेदारांनी माझी मार्कलिस्ट बघितलीच नाही. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लास! इस्त्रीचा ड्रेस घालून, कोरेगावहून दोन एसट्या बदलून मी त्या माळावर पोचले होते आणि हा माणूस पत्र्याच्या शेडच्या दारात उभा राहून लांबूनच ओरडला, "थांब तितंच! सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे," मी म्हटलं.

"आन् एस्टीत?"

एसटीत शेजारच्या मावशींनी पेपरमिंटची गोळी दिली होती, ती खाऊन दीड तास उलटला होता.

"गोळी खाल्लीस. केसाला खोबरेल हाय, पर वासाचं हाय. उद्यापास्नं दोन्ही बंद. सर्दी वारंवार होती का?"

"नाही."

"मग ये आत."

झाली मुलाखत. फाइल तशीच काखोटीला मारून मी आत गेले आणि पुढं आठ वर्षं तिथंच राहिले.

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो, तिथल्या एका मुरमाड उतारावर सुभेदारांची तीन एकर पांढऱ्या द्राक्षाची बाग होती आणि बागेच्या डोक्यावर त्यांची वायनरी. वायनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काहीतरी भारी उभं राहतं. आमच्याकडं स्टीलच्या तीन टाक्या, रस काढायचा एक प्रेस, माझी टीचभर लॅब आणि एसी लावलेली एक खोली. कारभार सगळा घरचा. सुभेदार, त्यांच्या पत्नी म्हणजे काकी, आणि अडीनडीला धावून येणारे त्यांचे थोरले भाऊ, दादा. गावातले लोक सरळ 'दारूची फॅक्टरी' म्हणायचे. आमची आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगी फळप्रक्रिया उद्योगात आहे." तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

बायको धरून सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. फौजेतून सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण फौज काही सुटली नव्हती. रोज सकाळी सहाला बागेत हजेरी व्हायची. हजेरी आमची नाही, वेलींची! हातात वही घेऊन ते ओळीनं चालायचे. "लाइन नंबर चार! काय रं, मान का टाकलीस?" पान पिवळं पडलेली वेल दिसली की वहीत 'सिक रिपोर्ट' लिहायचे. एप्रिलच्या छाटणीनंतर सगळ्या बागेला 'सुट्टीवर' पाठवायचे आणि त्या दिवसांत बागेत कुणी मोठ्यानं बोललं की डाफरायचे, "सुट्टीवरच्या गड्याला उठवायचं नसतं!" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपण वेड्याच्या हाताखाली आलो. दुसऱ्या आठवड्यात मीही चार नंबरच्या लाइनीला 'बरं वाटतंय का गं' विचारायला लागले. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

वासाच्या बाबतीत मात्र ते नुसते वेडे नव्हते, जुलमी होते. शेडमध्ये उदबत्ती नाही, गजरा नाही, साबण बिनवासाचा. तोडणीच्या महिन्यात काकींनी घरात मसाला भाजायचा नाही. काकी एकदा चिडून मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं सगळं गाठोड्यात बांधून माहेरी गेल्या आणि आठ दिवसांनी वर्षाचा मसाला करूनच परतल्या. दारात उतरल्या तर सुभेदार म्हणाले, "आंघोळ करून शेडात ये." काकींनी ते गाठोडं त्यांच्या पायाशी आपटलं. म्हणाल्या, "मी शेडात येतच न्हाई! तुमचं नाक आन् तुमी, दोघं नांदा सुखानं." चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं. सुभेदार चारी दिवस मसाल्याच्या आमटीत भाकरी चुरून गुमान खात होते.

हे नाक त्यांना फौजेनंच दिलं होतं. तिथं ते ऑफिसरांच्या मेसचे हवालदार होते. टेबलावर बसायचे साहेब लोक. हे डाव्या हातावर नॅपकिन टाकून मागं उभे. बाटली उघडायची, ओतायची, मागं सरायचं. एकदा जेवणं आटोपल्यावर ते रिकाम्या बाटल्या हुंगत बसलेले असताना कर्नलसाहेबांनी पकडलं. यांना वाटलं, मेलो आता. पण साहेबांनी स्टीलची वाटी मागवली, तीत दोन घोट पांढरी वाइन ओतली आणि विचारलं, "बताओ, क्या है इसमें?" यांनी वास घेतला आणि सांगितलं, "सर, कच्चा पेरू. और गीली माती." साहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून बाटली उघडली की दोन घोट त्या वाटीत जायचे आणि परीक्षा व्हायची. चुकलं तर साहेब सांगायचे, "गलत." बरोबर आलं तर तेवढंच, "ठीक."

बदली होताना यांनी साहेबांना सांगितलं, "सर, एक दिन मेरी बनायी हुई पिलाऊंगा."

साहेब म्हणाले, "ज़रूर पिलाना. लेकिन याद रखो, झूठी तारीफ़ नहीं करूँगा."

हे वचन सुभेदार मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे. सांगताना ताठ व्हायचे. त्यांनी पेन्शनीचा पैसा, उतारावरची जमीन, काकींची हौसमौज, सगळं त्या एका वाक्याच्या भरवशावर लावलं होतं. वेली लावल्यावर तीन वर्षांनी पहिलं खरं पीक यायचं होतं, त्याच वर्षी मी तिथं लागले. आणि त्याच वर्षी पुण्याहून फोन आला, साहेब ऐंशी पार झालेत, ऑगस्टात कायमचे लेकीकडं परदेशी निघालेत, जुलैत येऊन जाईन म्हणतायत. फोन ठेवून सुभेदार माझ्या लॅबच्या दारात आले. मग मला म्हणाले, "एकच गोळी हाय पोरी. नेम चुकायचा न्हाई."

आता दादांबद्दल सांगते. दादा सुभेदारांहून आठ वर्षांनी मोठे, पांढऱ्याशुभ्र मिशा, टोपीला कडक इस्त्री. ते खाण्याच्या द्राक्षाचे बागायतदार. त्यांच्या सोनाका द्राक्षाचा मणी बोटाएवढा लांब. सदऱ्याच्या खिशात कायम प्लास्टिकची एक रिंग असायची, मण्याची जाडी मोजायची. मणी त्या रिंगेतून गळून पडला की दादांचा चेहराही पडायचा. आमच्या वाइनच्या द्राक्षाचे मणी त्या रिंगेतून ढिगानं गळायचे. "फौजी, ही काय द्राक्षं हायत व्हय रं? बोरं बरी!" असं ते भावाला म्हणायचे. सुभेदार सांगायचे, "दादा, वाइनला बारीकच मणी लागतो. साल जास्त, पाणी कमी, सगळा वास सालीत." दादा मान हलवायचे, पण त्यांना ते पटलेलं नसायचं. आयुष्यभर ज्यानं मणी फुगवला, त्याला बारीक मणी म्हणजे उपाशी पोरासारखा वाटायचा.

डिसेंबरात सुभेदारांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि ते पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात गेले. काकी सोबत गेल्या. वीस दिवस वायनरीत मी आणि राखणदार. तिसऱ्या दिवशी दादा लॅबमध्ये आले. हातात पांढऱ्या पावडरीची पुडी. "पोरी, तुझा काटा लय बारीक वजन करतो म्हणत्यात. एवढी जीए करून दे की मोजून."

जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. पाण्यात कालवायचं आणि मगात एकेक घड बुडवून काढायचा. द्राक्षवाल्यांच्या घरातल्या लहान पोरांनाही हे माहीत असतं. मला वाटलं, त्यांच्या बागेसाठी असेल. मी चोख वजन करून दिलं, वर विरघळवूनही दिलं. कुठल्या बागेसाठी, हे विचारलं नाही. काय विचारायचं? दादा ते! त्यांना मी कोण विचारणार?

मग मी दोन दिवस घरी जाऊन आले. परत आले तर उतारावर तासगावकडच्या बायकांची टोळी, प्रत्येकीच्या हातात मग, आणि आमच्या तीन एकरातला शेवटचा घड बुडवून झालेला. पाणीही दुप्पट सोडलेलं. दादा बांधावर उभे, चेहरा नुसता फुललेला. "साहेब येणार, आन् बागंत बोरं? फौजीची इज्जत जाईल. बघच तू महिन्यात, मणी कसा टरारतो!"

वाइनची वाट लागली, हे मला कळलं. पण मी तोंड उघडलं नाही. बुडवलेलं आता काढता येणार नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझी जीभ रेटेना. अजूनही कधीमधी ते आठवलं की मला माझाच राग येतो.

सुभेदार परत आले तेव्हा दादांनी त्यांना घरी जाऊच दिलं नाही, जीपमधून थेट बागेत. घड भरलेले, मणी टच्च. सुभेदारांनी काठीवर भार देऊन एक घड तळव्यावर तोलला. त्यांना सगळं कळलं, ते माझ्याकडं न बघताही मला दिसलं. दादा बाजूला पोरासारखे उभे, काय म्हणतोय भाऊ म्हणून.

"दादा," सुभेदार म्हणाले, "बाग लय देखणी झाली."

"मग! साहेबाला कळू दे, फौजीला भाऊ हाय."

लॅबमध्ये आल्यावर मी रडायलाच लागले. "वजन मी केलं," मी म्हणाले.

"बरोबर केलंस का?"

"हो."

"मग तुझं काम झालं. आता ऐक. ह्यातलं एक अक्षर दादाच्या कानावर जाता कामा न्हाई. ऑर्डर हाय."

"पण सुभेदार, वाइन पाणचट होणार! साहेबांना काय सांगणार? दादांना एकदा समजावून सांगा ना, पुढच्या वर्षी तरी..."

"पुढच्या वर्षीचं बघू काय बी सबब काढून." मग स्टुलावर बसले आणि हळू बोलले. "अठ्ठावीस वर्षं मी घरात न्हवतो. माझ्या लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या जागी दादाची सही हाय. तिला टायफॉइड झाला तवा उशाला दादा. आयुष्यात पयल्यांदा त्यानं माझ्या कामाला हात लावला, आन् मी त्याला सांगू, तू वाटोळं केलंस म्हणून? जीव जाईल गं त्याचा."

मी डोळे पुसले आणि काट्यावर झाकण घातलं.

फेब्रुवारी गेला, साखर चढेना. सुभेदार थांबले, आणखी थांबले, इतके की मणी फुटायला लागले, मग तोडली. वाइन झाली. स्वच्छ, दिसायला सुंदर, आणि जिभेवर ठेवली की नाहीशी. मेमध्ये मी शेवटचा उपाय म्हणून सुचवलं, नाशिककडची एखादी चांगली बाटली आणू, आपलं लेबल लावू. म्हातारपणी साहेबांना काय कळतंय?

आठ वर्षांत ते माझ्यावर खरे चिडले ते तेवढ्याच वेळी. आवाज चढवला नाही. दोनशे रिकाम्या बाटल्या दाखवल्या आणि म्हणाले, "धू. तीन तीन पाण्यानं." मी संध्याकाळपर्यंत धूत होते. शेवटच्या पाण्याला ते शेजारी येऊन बसले आणि बाटल्या पुसायला लागले. "त्यानं मला कवा खोटं सांगितलं न्हाई. मी त्याला खोटं पाजू व्हय?"

जुलैत साहेब आले. हातात काठी, कानात मशीन, पण पाठ सरळ. पडवीत पांढऱ्या चादरीचं टेबल मांडलं होतं. काकींना मटण करायचं होतं, सुभेदारांनी शेंगदाणे आणि काकडीवर आणलं. "साहेब काय आजारी हायत व्हय?" असं पुटपुटत काकींनी काकडी चिरली. दादा नवी टोपी घालून साहेबांच्या समोर बसले. सुभेदारांनी उजवीकडून ओतली आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभे राहिले.

"बैठो," साहेब म्हणाले.

"जी सर." पण बसले नाहीत.

साहेबांनी वास घेतला. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. तीस वर्षांचं वचन त्या एका घोटात होतं आणि तो घोट काय सांगणार हे पडवीत दादा सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"पतली है," साहेब म्हणाले. "पानी-पानी. क्या हुआ?"

"सर, गलती मेरी है. तोड़ने में जल्दी की."

साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "जल्दी तोड़ो तो खट्टी होती है. यह खट्टी नहीं है."

सुभेदारांनी डाव्या हातावरचा नॅपकिन नीट केला.

"तुमने मुझसे कभी झूठ नहीं बोला."

"जी सर."

"अब?"

"जल्दी की, सर." नजर समोर, हनुवटी वर, परेडीला उभे राहिल्यासारखे.

दादांना हिंदी जेमतेम. त्यांनी 'जल्दी' तेवढं धरलं आणि कपाळावर हात मारला. "अरे तिच्या! घाई केलीस व्हय रं? एवढं सोनं पिकवून दिलं तुला!" मग मोबाइल काढला आणि बागेचा फोटो साहेबांपुढं धरला. "साब, ये देखो! क्या माल था! हमने बनाया, हमने! इसने घाई किया!"

साहेबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. दादांच्या तळहातावर मावत नसलेला घड, टरारलेले मणी. ते फोटो बघत राहिले. मग दादांचा चेहरा बघितला. मग मागं उभ्या असलेल्या माणसाचा. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, सगळं कळलं.

"बाग़ बहुत सुंदर है आपका," ते दादांना म्हणाले. मोबाइल परत दिला, उरलेला ग्लास संपवला आणि पुढं केला. "हवलदार, और दो."

ती वाइन कुणी मागून घ्यावी अशी नव्हती. साहेब दुसरा ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. निघताना गाडीत बसल्यावर काच खाली केली. "तारीफ़ नहीं करूँगा."

"जी सर."

"एक बोतल गाड़ी में रख दो."

मी धावत जाऊन बाटली आणली. साहेब परदेशी गेले आणि दोन वर्षांनी तिकडंच वारले. त्यानंतरच्या वर्षी आमची वाइन अशी काही झाली की प्यायलेल्या माणसानं बोलणं थांबवावं. कच्चा पेरू होता तीत, ओली माती होती. सुभेदारांनी एक घोट घेतला आणि शेडच्या मागं निघून गेले. मी मागं गेले नाही.

दादांनी परत बागेला औषध लावू नये म्हणून सुभेदारांनी सांगितलं की सरकारचा नियम निघालाय, वाइनच्या मण्याला हात लावायचा नाही. दादांनी सरकारला चार शिव्या दिल्या आणि विषय संपवला. पण दुसरा विषय संपेना. दर फेब्रुवारीत, मणी गोड व्हायला लागला की दादा काठी टेकत उतारावर यायचे आणि तोडणीच्या बायका, गिऱ्हाईक, पाहुणे, जे कोण असेल त्यांच्यादेखत म्हणायचे, "फौजी, घाई करू नकोस हां. एकदा साहेबापुढं नाक कापून घेतलंयस."

"व्हय दादा."

"ह्याला लहानपणापास्नं घाई! मी एवढी बाग देखणी करून दिली हुती..."

"व्हय दादा. चुकलंच माझं."

माझं डोकं फिरायचं. ज्या माणसानं मणी फुटेपर्यंत वाट बघितली, त्यानं पोराटोरांसमोर हे ऐकून घ्यायचं? एकदा तर माझ्या ओठावर आलं होतं. सुभेदारांनी नुसतं बघितलं माझ्याकडं, ऑर्डर अजून लागू आहे म्हणून. आणि मजा म्हणजे दादा 'घाई करू नकोस' म्हणून गेले की दुसऱ्या दिवशी पहाटे हमखास तोडणी लागायची. मला वाटायचं, योगायोग.

पुढं माझं लग्न झालं. मी साताऱ्यात आले, एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये लागले. यंदा जानेवारीत दादा गेले. मला मार्चच्या पहिल्या आठवड्यात जायला जमलं. उतारावर पाय ठेवला आणि चरकले. आजूबाजूच्या बागा मोकळ्या झाल्या होत्या आणि आमची, हो, अजून आमचीच म्हणते मी, घडांनी लगडलेली. मधमाश्या घोंगावत होत्या. एक मणी तोंडात टाकला. वाइनच्या साखरेची वेळ कधीच टळून गेली होती.

काकी दारातच म्हणाल्या, "तूच सांग बाई आता. रोज बागंत जात्यात, हजेरी घेत्यात, येऊन बसत्यात. तोडा म्हणून काय म्हणत न्हाईत."

सुभेदार वरच्या बांधावर बसले होते. खूप वाळले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "सुभेदार, साखर केव्हाच वर गेलीय. वास उडून चाललाय. तुम्हाला कळत नाही असं कसं?"

"कळतंय की."

"मग थांबलाय कशाला?"

ते दादांच्या घराकडून येणाऱ्या पायवाटेकडं बघत होते. "दादा यायचा, घाई करू नको म्हणायचा, मग दुसऱ्या दिवशी तोडायची. अशी सवय लागलीया गं. यंदा कुणी म्हणालंच न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. त्या वाक्याचा मला इतकी वर्षं राग होता. आणि आता कुणीतरी येऊन ते एकदा म्हणावं म्हणून माझा जीव तुटत होता.